कोटाबाहेरची पेठ

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन साम्राज्याची हद्द राखणारा विंडोलँडाचा कोट इसवी सन 85 च्या सुमारास लाकूड-मातीत उभा राहिला. सम्राट हेड्रियनची प्रसिद्ध भिंत त्यानंतरची, 122 सालची. शिबंदी रोमची नव्हतीच. आजच्या हॉलंड-बेल्जियमकडचे बटावी आणि टुंग्री शिपाई होते. पगार मात्र रोमन नाण्यांत, आणि रोख पगार असला की बाजार आपसूक जमतो. हळूहळू वेशीबाहेरच्या रस्त्यालगत अरुंद तोंडाची, मागे लांबवर गेलेली घरं उठली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

ही देवघेव कशी चाले, ते 1973 पासून सापडत गेलेल्या लाकडी पत्रांतून कळतं. पातळ फळकुटांवर शाईने लिहिलेली ही पत्रं हवा न पोचणाऱ्या ओल्या मातीने जपली. मला त्यांतलं ऑक्टेव्हियस नावाच्या एकाचं पत्र सर्वांत जिवंत वाटतं. त्याने पाच हजार मोदी (रोमन धान्यमाप) धान्य खरेदी केलंय आणि निदान पाचशे दिनार तरी पाठवा, नाहीतर तीनशेचा विसार बुडेल, असा तगादा लावलाय. कॅटरिक गावी कातडी पडून आहेत, पण रस्ते खराब असताना जनावरांचे हाल कशाला करायचे, म्हणून तो गेलेला नाही. आपल्या कुठल्याही बाजारपेठेतल्या आडत्याला हे पत्र समजावून सांगावं लागणार नाही. आणखी एका नोंदीत अट्रेक्टस नावाचा बिअर बनवणारा भेटतो.

शिपायाला कायद्याने लग्न करता येत नसे. ही बंदी सम्राट सेप्टिमियस सेव्हरसने 197 च्या सुमारास उठवली. पण इथे सापडलेल्या हजारो चामडी जोड्यांत बायकांचे आणि चिमुकल्या पोरांचेही जोडे आहेत, तेही बंदीच्या काळातल्या थरांत, थेट बराकींमधून. सरकारदरबारी नसलेले हे संसार प्रत्यक्षात नांदत होते. गाव वसतं ते अशा बिऱ्हाडांनी.

1914 साली सापडलेली एक वेदी लोहारांचा देव व्हल्कन याला वाहिलेली आहे. वाहणारे कोण? विंडोलँडाचे ग्रामस्थ. एकट्याचं नाव नाही, सगळ्या गावाचं.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ही पेठ ओस पडली. कोटात शिबंदी मात्र पुढेही राहिली. सगळ्याच रोमन छावण्यांची गत अशी झाली नाही. डॅन्यूबकाठच्या विंडोबोना छावणीच्या जागी आज व्हिएन्ना आहे. पण तिथे मोठ्या नदीचा व्यापारी मार्ग होता. विंडोलँडाच्या पेठेला मोठं गिऱ्हाईक एकच होतं, फौज.