शेतांतील विष व समुद्रांतील मासे

आपल्या नगर जिल्ह्यास समुद्र नाहीं. तेव्हां समुद्रांतील माशांची चौकशी आपण कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच ओढ्यांत आहे. मुळा प्रवरेस मिळते, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीस मिळते. सीना भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. गोदा व कृष्णा ह्या दोन्ही बंगालच्या उपसागरास जातात. म्हणून बांधावरून जें वाहून जातें, त्याचा कांहीं अंश पुढें समुद्रांत पोंचतो.

आतां हें विष माशांत सांचतें कसें, तें पाहूं. डीडीटी, बीएचसी यांसारखीं जुनीं कीटकनाशकें पाण्यांत फारशीं विरघळत नाहींत, चरबींत मात्र विरघळतात, आणि वर्षानुवर्षें नाश पावत नाहींत. पाण्यांतील सूक्ष्म जीव तीं अंगांत घेतात. लहान मासा असे असंख्य जीव खातो, मोठा मासा असे अनेक लहान मासे खातो. अन्न पचून जातें, विष राहतें. तगाईची थकबाकी दरसाल पुढें ओढीत जावी व अखेर सर्व बोजा वारसाच्या माथीं यावा, तसाच हा प्रकार आहे. एका प्रसिद्ध उदाहरणांत दर दहा लक्ष भागांत डीडीटीचें प्रमाण सूक्ष्म जीवांत ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २ व मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ भाग असें चढत गेलेलें दाखविलें आहे.

पाऱ्याचीही हीच रीत. जपानांत मिनामाता येथें एका कारखान्याचें पारायुक्त पाणी खाडींत जात असे. तेथील मासे खाणाऱ्या लोकांस मज्जातंतूंचा भयंकर रोग जडल्याचें १९५६ सालीं उघडकीस आलें. मांजरेंसुद्धां झटके येऊन मेलीं.

आपल्या देशांत शेतीसाठीं डीडीटी १९८९ सालीं व बीएचसी १९९७ सालीं बंद झालें. एंडोसल्फानवर २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली. हल्लींचीं बहुतेक औषधें लवकर नाश पावतात हें खरें. परंतु ओढ्यांत सांडलेलें औषध तेथील मासे तत्काळ मारूं शकतें. शिवाय चरबींत सांचणारें विष चाऱ्यावाटे गाईच्या दुधांत व तेथून आपल्या घरच्या तुपांतही उतरतें.

यासाठीं आमची शेतकरी बंधूंस विनंति अशी कीं, पंप ओढ्यांत किंवा विहिरीच्या काठीं धुऊं नये. औषधाचा डबा तीन वेळां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें. रिकाम्या डब्यास भोंक पाडावें, त्यांत धान्य अगर तेल कदापि भरूं नये. पाऊस येण्याचीं चिन्हें दिसत असतां फवारणी करूं नये. तशानें पैसाही वाहून जातो व विषही.