पारसिकचा बोगदा आणि त्याचा माथा

मुलुंड-घाटकोपरकडील चाकरमान्यांस व व्यापाऱ्यांस पारसिकच्या बोगद्याची ओळख करून द्यावयास नको. ठाणे व दिवा यांच्या दरम्यान डोंगराचा वळसा चुकविणारा, सुमारें १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा सन १९१६ मध्यें खुला झाला. सन २०२२ पर्यंत जलद लोकलगाड्या यांतूनच धांवत. आतां तेथून मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. शंभरांवर पावसाळे त्यानें सोसले. परंतु तेवढ्यावरून तो पुढेंहि आपोआप निर्धोक राहील, असें कोणीं समजूं नये.

बोगद्याचा खरा शत्रु पाणी होय. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण खरा, पण त्यास भेगा असतात. भेगांत मुरलेलें पाणी आंतील माती धुऊन नेतें, दगड सैल करतें व अस्तराच्या भिंतीवर दाब आणतें. म्हणून भिंतींत पाणी निघावयास छिद्रें, रुळांलगत गटार आणि तोंडाच्या वर पाणी वळविणारा चर ठेवावा लागतो. बोरघाटांत २५ बोगद्यांचा मार्ग सन १८६३ मध्यें सुरू झाला. तेथें अजूनहि पावसाळ्यापूर्वीं सैल दगड हुडकून पाडावे लागतात. गोव्यांतील पेडण्याच्या बोगद्यांत जुलै २०२४ मध्यें पाणी शिरलें, तेव्हां कोंकण रेल्वेची वाहतूक बंद पडली.

पारसिकच्या माथ्यावर व तोंडाशीं दाट वस्ती झाली आहे. जेथें गटार नाहीं तेथें सांडपाणी डोंगरांत मुरणार, आणि जेथें कचरा उचलला जात नाहीं तेथें तो उतारावरून खालीं येऊन चर बुजविणार. याचा सारा दोष तेथील गरिबांच्या माथीं मारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ज्यास शहरानें कामास बोलाविलें पण राहावयास जागा दिली नाहीं, तो डोंगर चढला, यांत नवल तें काय? घरें पाडा, असें म्हणणें सोपें आहे. परंतु पर्यायी निवारा दिल्यावांचून पाडलेलें घर दुसऱ्या उतारावर उभें राहतें. अगदीं तोंडावरील कुटुंबांस आधीं सुरक्षित जागा द्यावी, आणि तोंवर तेथें गटारें, शौचकूप व रोजची कचरागाडी पोंचवावी.

बोगदा रेल्वेचा, कचरा महानगरपालिकेचा, डोंगर आणखी कोणाचा, ही वांटणी कागदावर शोभते. पावसास ती ठाऊक नाहीं. दर वर्षीं मे महिन्यांत सर्व खात्यांनीं मिळून माथ्यापासून रुळापर्यंत पाहणी करावी व तिचा निष्कर्ष मराठींत प्रसिद्ध करावा, एवढीच आमची मागणी आहे.

आतां विक्रोळीखालून बुलेट गाडीचा, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून गोरेगांव-मुलुंड व ठाणे-बोरिवली या रस्त्यांचे बोगदे हातीं घेतले आहेत. त्यांच्या माथ्याची निगा कोणीं राखावयाची, हें उद्घाटनाच्या फिती कापण्यापूर्वींच ठरलें पाहिजे. बोगदा खणून होतो तेव्हां कंत्राटदाराचें काम संपतें. समाजाचें काम तेथूनच सुरू होतें.