नाशिकला जाऊ, पण सावकाश



दिवाळीचा फराळ संपला, सोयाबीन घरात आलं, की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा सहलीला कुठं जायचं? मग कुणी म्हणतं शिर्डी, कुणी म्हणतं वणी, कुणी त्र्यंबकेश्वर. शेवटी सगळ्यांचं मन राखायचं म्हणून एकाच दिवसात सगळंच बसवतात. पहाटे तीनला गाडी, रात्री बाराला घरी.

आमच्या गटाची पहिली सहल अशीच झाली. एका दिवसात आठ ठिकाणं. गटातल्या सगळ्यांत वयस्कर आत्या गुडघ्यांनी अधू. तिसऱ्या ठिकाणापासून त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. "तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळते" म्हणाल्या. वर्षभर पैसे त्यांनीही भरले होते, आणि पाहिलं काय, तर पुढच्या सीटची पाठ. बाकीच्यांनी दिवसभर पाणी प्यायलं नाही, कारण गाडी कुठं थांबेल आणि तिथं मोरीची सोय असेल का, याचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर दोघींना लघवीची जळजळ सुरू झाली. त्या सहलीचा एकच फोटो बरा आला आहे, आणि त्यातही निम्म्या बायका पेंगताहेत.

म्हणून आज सहलीबद्दल बोलू. एकच शहर, दोन दिवस, एक मुक्काम, आणि फिरायचं पायी. उदाहरणाला नाशिक घेते. नाशिक आता फार मोठं झालं आहे, ते सगळं पायी होणार नाही. पण गोदावरीच्या दोन काठांवरचं जुनं नाशिक, म्हणजे अलीकडं पंचवटी आणि पलीकडं जुना गाव, हे चालत फिरायलाच केलेलं आहे. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा ही सगळी ठिकाणं एकमेकींपासून चार-पाच, फार तर दहा मिनिटांवर. एकदा तिथं पोचलं की गाडीचं कामच उरत नाही. उलट त्या गल्ल्यांत गाडी म्हणजे डोकेदुखी.

आधी दिवस कुठला धरायचा ते ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नाशिकची थंडी मात्र कडक असते, तेव्हा शाल आणि पायमोजे घ्यायचे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो, म्हणून जुलै ते सप्टेंबर नको. अमावास्या, पितृपक्ष, श्रावणी सोमवार, रामनवमी, हे दिवस पुण्याचे खरे, पण निवांत फिरायचे नव्हेत. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ तर वेगळीच गोष्ट. मागचा २०१५ साली झाला. सिंहस्थाच्या आधी घाटावर आणि रस्त्यांवर खोदकाम, बांधकाम निघतं, त्यामुळं निघण्यापूर्वी तिथं कुणी ओळखीचं असेल तर फोन करून विचारा की वाट मोकळी आहे का. आणि बुधवार जमला तर बघा. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. भाज्या आपल्याला नव्या नाहीत, पण दुसऱ्याच्या बाजारात हिंडून भाव काढायला कुणाला आवडत नाही?

आता पैसे. पंधरा जणींच्या गटानं महिन्याला पन्नास रुपये सहलीचे म्हणून वेगळे ठेवले, तर दहा महिन्यांत साडेसात हजार होतात. हे पैसे बचतीच्या हिशेबात मिसळायचे नाहीत, वेगळ्या पानावर लिहायचे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. जाताना ही सवलत चालू असल्याची खात्री आगारात करून घ्या, आणि आधार कार्ड पिशवीत हवंच. खासगी गाडी ठरवली की गाडीवाला घाई करतो, कारण त्याला दुसरं भाडं असतं. एसटीनं गेलो तर वेळ आपल्या हातात राहते. रेल्वेनं जाणार असाल तर लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. तिथून शहर बस किंवा रिक्षा करावी लागते. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवायचं. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळं "गंगेवर जायचं" म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर आणून सोडतो.

मुक्कामाला पंचवटीत धर्मशाळा, भक्तनिवास, साधे लॉज बरेच आहेत. गाडगे महाराजांनी बांधलेली धर्मशाळाही गोदाकाठाजवळ आहे. फोन करताना दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. संडास खोलीत आहे की बाहेर? कमोड आहे की भारतीय पद्धतीचा? खोली कितव्या मजल्यावर, आणि जिना किती? गुडघे दुखणारी बाई भारतीय पद्धतीच्या संडासात बसू शकत नाही आणि लाजेनं ते सांगतही नाही. मग ती जेवण कमी करते. हे बैठकीत मोकळेपणानं विचारून घ्या. पाळीच्या तारखांचंही तसंच. पिशवीत चार पॅड जास्तीचे ठेवावेत. देवळात जायचं की बाहेर नदीकाठी बसायचं, ते जिचं तिनं ठरवावं. बाकीच्यांनी त्यावर बोलू नये.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. जेवा आणि झोपा. खरंच झोपा. सहलीत दुपारी झोपणं म्हणजे पैसे वाया, असं पुष्कळजणींना वाटतं. पण प्रवासानं सुजलेले पाय दोन तास वर ठेवले तर संध्याकाळ वाया जात नाही. शिवाय रोज दुपारी झोपायला मिळतं कुठं आपल्याला?

चारच्या सुमारास रामकुंडाकडं निघा. इथं लोक अस्थी विसर्जनाला लांबून येतात, त्यामुळं एका बाजूला कुणाचं दुःख आणि एका बाजूला आपली सहल, असं होतं. जरा हळू बोलावं. पाण्यात पाय बुडवा, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. कठडा किंवा मैत्रिणीचा हात धरून उतरा, आणि खालच्या पायरीपुढं जाऊ नका. पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा. प्यायचं मात्र नाही. गोदावरीत शहराचं सांडपाणी मिसळतं, हे नाशिककरही नाकारत नाहीत. ही नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. नाशिकला पोचते तेव्हा ती जेमतेम तीस किलोमीटर वाहिलेली असते, आणि समुद्राला मिळेपर्यंत तिला एकूण १४६५ किलोमीटर जायचं असतं. इतक्या लवकर तिची ही दशा होते, ते बघून वाईट वाटतं.

घाटावर शेंदरी रंगाची उंच मूर्ती दिसेल, तो दुतोंड्या मारुती. त्याला दोन्हीकडं तोंडं आहेत. पूर आला की नाशिककर मीटरमध्ये बोलत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. आपल्यालाही त्याचा उपयोग आहे. चुकामूक झाली तर सगळ्यांनी दुतोंड्या मारुतीपाशी यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. लांबून दिसतो आणि कुणालाही विचारला तर सांगतो. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्या ब्लाउजमध्ये दोघींचे नंबर आणि धर्मशाळेचं नाव लिहिलेला कागद असू द्या.

जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ साली बांधलेलं. त्याच्या तटावर मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक. मोठ्या आवाजाच्या माणसाला "नारोशंकराची घंटा" म्हणतात, ते हिच्यामुळं. आमच्या गटात एकीला हे नाव कायमचं चिकटलं आहे, आणि ती काही रागावत नाही.

घाटावर कुणी भटजी गाव आणि आडनाव विचारत जवळ आले तर घाबरू नका. नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडं यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. तुमच्या सासरच्या कुणी शंभर वर्षांपूर्वी इथं येऊन नाव लिहिलं असेल तर सापडूही शकतं. दक्षिणा आधी ठरवा. नवी नोंद करायची झाली तर नवऱ्या-मुलांच्या नावाआधी स्वतःचं नाव सांगा, कारण नाशिकला आलात तुम्ही. रामकुंडावरची संध्याकाळची आरती पायरीवर बसून बघा, आणि मग जेवण.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, काळाराम मंदिर. पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं, मोठ्या आवाराचं. ओवऱ्यांमध्ये टेकून बसायला जागा आहे, तिथं अर्धा तास तरी बसा. बरोबर तरुण मुली असतील तर त्यांना सांगा, की याच दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं चालवला. दलितांना आत येऊ देत नव्हते. सत्याग्रहात बायाही होत्या. काही वर्षं लढा चालला, तरी दार उघडलं नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्यामागं हा अनुभव होता. आज त्याच आवारात आपण सगळ्या जातींच्या बाया एका ओळीत बसून शेंगदाणे खातो. गटात हे बोलायला थोडं अवघड जातं. आम्ही बोललो. एका ताईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं, आणि नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

शेजारी सीतागुंफा. वाट अगदी अरुंद आणि ठेंगणी आहे. वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. दम लागणारी, रक्तदाब असलेली किंवा गुडघेदुखीची बाई आत गेली नाही तरी चालतं. बाहेर वडाची झाडं आहेत, ज्यांच्यावरून पंचवटी हे नाव पडलं म्हणतात. सावलीत चहा घेऊन थांबावं. तिला एकटीला मात्र ठेवायचं नाही, एक जोडीदारीण बरोबर थांबेल. परतताना कपालेश्वर. या महादेवापुढं नंदी नाही, ते का, याची गोष्ट तिथल्या फुलवालीला विचारा. माझ्यापेक्षा ती रंगवून सांगेल.

नाश्त्याला मिसळ खा, पण तिखट सोसत नसेल तर रस्सा वेगळा मागा. त्यानंतर पूल ओलांडून पलीकडं जुन्या नाशकात. पुलाजवळच सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ सालचं. तिथून भांडी बाजार आणि सराफ बाजाराच्या गल्ल्या. तांब्या-पितळेची दुकानं ओळीनं. घेणं नसलं तरी बघायला काय हरकत? घेणार असाल तर वजनाचा भाव आणि घडाईचा भाव वेगवेगळा विचारा. ओझं आपल्यालाच वाहायचं आहे, त्यामुळं हंडा-कळशीचा मोह आवरा.

तपोवन, सोमेश्वर, त्र्यंबक राहिलं, असं कुणीतरी म्हणेलच. राहू द्या. पुढच्या वर्षीचे पन्नास रुपये त्यासाठीच भरायचे आहेत.

चालताना आम्ही एक नियम केला होता. सगळ्यांत हळू चालणारी पुढं, बाकीच्या तिच्या मागं. तिच्या पुढं कुणी जायचं नाही. दर वीस मिनिटांनी बसायचं. बाहेर पडण्याआधी आणि चहाच्या प्रत्येक थांब्याला सगळ्यांनी मोरीला जाऊन यायचं, लागली असो वा नसो. सुट्टे पैसे एकीकडं ठेवायचे, कारण स्वच्छतागृहात तेच लागतात. आणि पाणी पोटभर प्यायचं.

दुसऱ्या सहलीला आत्या पुढं होत्या. काळारामाच्या ओवरीत त्यांनी पाय पसरले आणि म्हणाल्या, "पिशव्या आता तुम्ही सांभाळा गं."