बॅकअप होतो, पण परत मिळतो का?

मालवण - मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. घरे, बागा आणि होड्यांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. संगणकातील माहितीचा मात्र पंचनामा होत नाही. पतसंस्था, दवाखाने, शाळा, निवास-न्याहारीची केंद्रे यांपैकी अनेकांचे व्यवहार आज कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यातील सर्व्हरवर चालतात. त्या सर्व्हरची हार्ड डिस्क निकामी झाली, तर ठेवीदाराच्या खात्यातील शिल्लक किंवा रुग्णाचे जुने अहवाल कोठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर बॅकअप हेच असते. आणि तो बॅकअप कित्येक आठवडे झालेलाच नाही, हे बहुधा नेमके त्याच दिवशी कळते.

न बोलता थांबणारे काम

नेटवर्क बॅकअपची पद्धत सोपी आहे. ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री, सर्व्हर आपल्या माहितीची प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर पाठवतो. हे दुसरे यंत्र त्याच इमारतीत, दुसऱ्या शाखेत किंवा इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत असू शकते. अडचण अशी, की छपाई यंत्र बंद पडले तर पाच मिनिटांत ओरड होते. बॅकअप बंद पडला तर दुसऱ्या दिवशीचे काम नेहमीप्रमाणेच सुरू राहते.

मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. नित्याचा बॅकअप शोधला, तर तो नव्हताच. प्रत घेणारी आज्ञावली आणि माहितीसाठा यांच्या आवृत्त्या जुळत नसल्याने ते काम रोज अपयशी ठरत होते. त्याची सूचना देणारे ई-मेलही नाकारले जात असल्याने कोणापर्यंत पोहोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीमुळे कंपनी सावरली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

आधी नोंद वाचावी

बॅकअप अयशस्वी झाल्यावर तो पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह होतो. त्याआधी सर्व्हरवरील नोंदवही, म्हणजे लॉग, वाचणे आवश्यक आहे. विंडोज प्रणालीत त्रुटीसोबत येणारा क्रमांक पुष्कळ काही सांगून जातो. ५३ हा क्रमांक आला तर समोरचे यंत्र नेटवर्कवर सापडत नाही. १३२६ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. ५ म्हणजे ओळख पटली, पण लिहिण्याची परवानगी नाही. ११२ म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही. ६४ म्हणजे जोडणी मध्येच तुटली. या पाच क्रमांकांच्या अर्थावरून तपासाची दिशा ठरते.

यंत्र सापडत नसेल तर प्रथम ते चालू आहे का, हे पाहावे. मग पिंग आज्ञेने आधी त्याचा पत्ता आणि नंतर त्याचे नाव तपासावे. पत्त्याला उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, तर वीज परत आल्यावर राउटरने त्या यंत्राला नवा पत्ता दिलेला असू शकतो. बॅकअपच्या यंत्राला कायमचा पत्ता नेमून देणे हा त्यावरचा उपाय. साठवणीचे यंत्र जुने असेल तर आणखी एक कारण संभवते. फाइल देवाणघेवाणीची जुनी, असुरक्षित पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून नव्या आवृत्त्यांत मुळातच बंद ठेवली आहे. सर्व्हर बदलल्यावर जुनी पेटी दिसेनाशी होते ती यामुळे. अशा वेळी जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्यापेक्षा पेटी बदलणे शहाणपणाचे.

खारी हवा आणि बंद पडलेले घड्याळ

किनारपट्टीवर तारेकडेही संशयाने पाहावे लागते. खाऱ्या, दमट हवेत धातूचे सांधे गंजतात. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला एक गिगाबिटच्या वेगासाठी चारही लागतात, तर १०० मेगाबिटसाठी दोनच पुरतात. एक जोडी खराब झाली की जोडणी तुटत नाही, फक्त वेग दहापट घसरू शकतो. ५०० गिगाबाइट माहिती गिगाबिटच्या वेगाने आदर्श स्थितीत सव्वा तासाच्या आत जाते; १०० मेगाबिटवर तिला अकरा तास लागतात. मग सकाळी कार्यालय उघडते तेव्हा रात्रीचा बॅकअप निम्म्यावरच असतो. इंटरनेटवरून पाठवायचे आणि वेग १० मेगाबिटच असेल, तर हेच काम साडेचार दिवसांहून अधिक चालते. म्हणून पहिली पूर्ण प्रत पासवर्डने कुलूपबंद केलेल्या डिस्कवर घेऊन गाडीने न्यावी आणि पुढे रोज फक्त बदललेला भाग पाठवावा.

वीज दीर्घकाळ गेल्यावर उद्भवणारा आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. संगणकातील छोटी बॅटरी संपलेली असेल तर त्याचे घड्याळ मागे पडते. डोमेन पद्धतीच्या विंडोज नेटवर्कमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पासवर्ड बदलण्यापूर्वी घड्याळ पाहावे, ते यासाठी. बॅकअपसाठी स्वतंत्र खाते ठेवणेही हिताचे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर ते चालत असेल, तर त्याने पासवर्ड बदलताच रात्रीचे काम थांबते.

जोडणी, ओळख आणि जागा हे सारे ठीक असूनही प्रत अपुरी राहत असेल, तर उघड्या फाइलींकडे वळावे. हिशेबाची आज्ञावली चालू असताना तिच्या फाइलची थेट नक्कल केली, तर अर्धवट व्यवहार प्रतीत उतरतात. त्यासाठी माहितीसाठ्याच्या स्वतःच्या बॅकअप सुविधेने आधी प्रत घ्यावी आणि ती नेटवर्कवरून पाठवावी.

एकाच प्रतीचा भरवसा नको

विंडोज सर्व्हरची अंगभूत सुविधा नेटवर्कवरील फोल्डरमध्ये प्रत ठेवते, तेव्हा आधीच्या प्रतीवरच नवी लिहिते. मध्येच वीज गेली तर जुनी प्रत हातची जाते आणि नवी पूर्ण झालेली नसते. प्रत्येक वारासाठी वेगळा फोल्डर ठेवल्यास हा धोका टळतो.

याहून मोठा धोका खंडणीखोर विषाणूंचा आहे. सर्व्हरला जे फोल्डर दिसते, ते विषाणूलाही दिसते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे या कंपनीचे जगभरातील सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांचीच प्रत ठेवत होते आणि ते एकाच वेळी पुसले गेले. घानामधील कार्यालयातला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा जाणकारांचा जुना नियम यामुळेच टिकून आहे. एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण अलग असावी. सिंधुदुर्गापुरते बोलायचे तर मालवणची प्रत वेंगुर्ल्यात ठेवून भागणार नाही. एकच वादळ दोन्ही गावांना गाठते. दुसरे गाव घाटापलीकडचे असलेले बरे.

परत मिळवून पाहावे

पडद्यावर 'यशस्वी' असा शेरा दिसला म्हणजे काम संपले, असे नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून आज्ञावली सुरू करावी. पतसंस्थेने त्या दिवशीच्या छापील तेरीजपत्रकातील बेरजा उतरवलेल्या प्रतीशी ताडून पाहाव्यात. दवाखान्याने दहा जुने अहवाल उघडून पाहावेत. या कामाला किती तास लागले, तेही लिहून ठेवावे. प्रत्यक्ष संकटात खिडकीसमोर उभ्या असलेल्या ठेवीदाराला तेवढेच तास थांबावे लागणार असते. ही चाचणी करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तारीख फलकावर असावी. या परीक्षेत न उतरलेली प्रत बॅकअप म्हणून मोजू नये. आणि ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी, वीज सुरळीत असतानाच उरकलेली बरी.