अमोनाइट : शाळिग्रामातील शंख

देवघरातील काळाभोर शाळिग्राम अनेकांच्या परिचयाचा आहे. नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडणाऱ्या या गोट्यांत पुष्कळदा चक्राकार खूण आढळते. भाविक तीस विष्णूचे चक्र मानतात. भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने ती अमोनाइट नावाच्या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखाची खूण होय. हा शंख टेथिस समुद्राच्या तळाशी गाळात पुरला गेला. पुढे भारतीय भूखंड आशियास भिडला आणि समुद्रतळाचे ते थर हिमालयात उंच उचलले गेले.

अमोनाइट हे मृदुकाय प्राणी असून माखली व अष्टपाद हे त्यांचे आजचे आप्त होत. त्यांचा शंख आडव्या पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेला असे. प्राणी स्वतः केवळ शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राही. मागील कप्प्यांतून एक बारीक नळी जात असे. तिच्या योगे कप्प्यांतील पाणी काढून घेतले जाई व त्याची जागा वायू घेई. त्यामुळे कवचाचे ओझे असूनही प्राण्यास पाण्यात तरंगता येई.

पडदा शंखाच्या भिंतीस जेथे जुळे, तेथे नागमोडी शिवण दिसते. शिवणीची नक्षी, शंखाचा आकार व त्यावरील कंगोरे यांवरून जाती ओळखता येतात. या जाती समुद्रातून दूरवर पसरत आणि भूशास्त्रीय मानाने अल्पावधीतच लोप पावत. म्हणूनच दोन दूरच्या प्रदेशांतील खडकांत एकच जात सापडली, तर ते खडक साधारणतः एकाच काळातील ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात याच आधारे युरोपातील ज्युरासिक खडकांची सूक्ष्म विभागणी केली. विल्हेल्म वागेन यांनी कच्छमधील अमोनाइटांचे केलेले वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७३ ते १८७५ मध्ये प्रसिद्ध केले.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट झाले त्याच संकटात, अमोनाइटांचा वंशही संपला. तशाच कप्पेदार शंखाचा नॉटिलस मात्र आजही हिंदी व प्रशांत महासागरांत आढळतो. अमोनाइटांची पिले अगदी लहान असून समुद्रपृष्ठाजवळील सूक्ष्म जीवांवर वाढत. ते अन्न तुटताच त्यांचा निभाव लागला नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. नॉटिलसची अंडी मोठी असतात व पिले पुष्कळ वाढूनच बाहेर पडतात.