वाफेच्या युगातील वैमानिक

वाफेचीच यंत्रे पुढे विकसित होत गेली असती, तर जग कसे दिसले असते? या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या साहित्याला के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये ‘स्टीमपंक’ हे नाव दिले. त्यातील वैमानिकाचा वेश नवशिक्यालाही घरी साधतो. मात्र पितळी चाके चिकटविण्यापूर्वी त्याने खऱ्या वैमानिकाची गरज ओळखावी. पहिल्या महायुद्धातील उघड्या विमानांत वारा बोचे, गरगरणाऱ्या इंजिनांतले एरंडेल तोंडावर उडे. म्हणून कातडी टोपी आणि चष्मा. सतत वळणारी मान खरचटू नये म्हणून रेशमी गळपट्टा. जुना तपकिरी कोट, रुंद पट्टा आणि साधी काच बसविलेला वेल्डरचा गोल चष्मा एवढे आरंभाला पुरे. जिला काही काम आहे, तीच वस्तू वेशाला खरेपणा देते.