तांब्याचे नाणे आणि चिंचेचा कोळ

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या घराघरांतून तांब्यापितळेची भांडी अंगणात येतात. चिंचेचा कोळ, मीठ, चिमूटभर राख, आणि बघता बघता तांब्या, पळी, ताम्हण झळकू लागते. आम्ही दहा वर्षांचे असताना आजीला मदत करण्याच्या उत्साहात देव्हाऱ्याच्या डबीतला पाव आणाही त्याच कोळात बुडविला आणि राखेने घासला. ईस्ट इंडिया कंपनीचे ते १८३५ सालचे नाणे खापरपणजोबांनी कोकण सोडताना कनवटीला लावून मॉरिशसला आणले, असे घरात सांगत.

नाणे लालबुंद झाले. आम्ही मोठ्या अभिमानाने ते आजीपुढे धरले. ती रागावली नाही. अक्षरांवरून बोट फिरविले आणि डबी मिटली. काही महिन्यांत नाणे पुन्हा काळवंडले, पण पूर्वीची ती मऊ तपकिरी छटा परत आली नाही. राखेचे ओरखडे तर आजही दिसतात.

वाचकहो, अशी एखादी डबी आपल्याही घरी असेल. कंपनीचा पैसा असेल, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे १८७७ सालचे मॉरिशसचे काशाचे सेंट असेल. काशातही बहुतांश तांबेच असते, म्हणून पुढील गोष्टी त्यालाही लागू आहेत.

तांब्यावर हवेने चढलेला तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. ऑक्सिजनशी संयोग पावलेले ते तांबेच आहे, आणि खालच्या धातूला ते पांघरुणासारखे सांभाळते. चिंचेतले किंवा लिंबातले आम्ल हा थर विरघळविते, म्हणजे नाण्याची कातडीच सोलली जाते. भांडे जाड असते, त्याला हे सोसते. नाण्याचे सारे मोल मात्र त्या वरच्या पातळ नक्षीतच असते. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात ते यासाठीच.

मध्यंतरी वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, चिंच नको तर ऍसिटोन चालेल का?" प्रश्न चांगला होता. ऍसिटोन हे आम्ल नव्हे, द्रावक आहे. ते तेल, हाताचा चिकटपणा, चिकटपट्टीचा डिंक विरघळविते. तांबे किंवा त्यावरचा तपकिरी थर ते विरघळवीत नाही. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी वर्षानुवर्षे ठेवली की त्यांवर हिरवट चिकट लेप येतो, आणि त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाऊ लागते. तो लेप काढण्यास ऍसिटोनसारखे सोपे साधन नाही.

मात्र ते शुद्ध हवे. नखांचा रंग काढण्याच्या बाटलीत पुष्कळदा सुगंध, रंग व तेल मिसळलेले असते, आणि ते नाण्यावर राहते. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके ऍसिटोन घ्यावे. प्लॅस्टिकची वाटी घेऊ नये, काही प्लॅस्टिके त्यात विरघळतात. वाटी झाकून दहा मिनिटे थांबावे. मग नाणे दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ऍसिटोनमध्ये बुचकळावे, नाहीतर सुटलेला मळ पुन्हा त्यावरच वाळतो. घासू नये, मऊ सुती कापडावर अलगद टिपावे. ऍसिटोन उडताना नाणे गार पडते आणि आपल्या दमट हवेतले पाणी त्यावर धरते, म्हणून कोरडा दिवस निवडावा. चूल, दिवा, काडी जवळ नको, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे काम मोठ्या माणसाने करावे, मुलांनी बघावे.

काही संग्राहक म्हणतात की ऍसिटोननंतर तांब्याची छटा किंचित बदललेली दिसते, आणि ते जायलीन पसंत करतात. पुष्कळांना असा बदल आढळत नाही. मळाखाली झाकलेला रंग उघडा पडला तरी नाणे वेगळे दिसते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून आधी साध्या, कमी किमतीच्या नाण्यावर करून पाहावे.

पण द्रावक म्हणजे जादू नव्हे. झालेले ओरखडे त्याने भरत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या हवेने नाण्यावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागली, तर तो क्षारांचा रोग ऍसिटोनने बरा होत नाही. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

नाण्यावर चिकट लेप नसेल, तर त्याला काहीच लावू नये. ते कडेने धरावे. ऍसिटोनने हाताचे तेलही निघून जाते, त्यामुळे धुतलेल्या नाण्यावर बोटांचे ठसे फार लवकर उमटतात. आणि डबीत एक चिठ्ठी ठेवावी: नाणे कोणाचे, कोठून आले, कोणी सांगितले. आमच्या पाव आण्याचा रंग आम्ही घालविला. आजीने त्याची हकिगत सांगितली होती, ती तरी आम्ही लिहून ठेवली आहे.

यंदा ताम्हण खुशाल घासा. डबी मात्र मिटलेलीच राहू द्या.